पातळ पत्रा, भरलेला साज

कोल्हापुरी साज या गळ्यातल्या हारातली एक पानडी सुटी करून तळहातावर घेतली, की आधी जाणवतो तो तिचा हलकेपणा. डोळ्यांना ती भरीव दिसते. माशाची फुगीर कूस, कासवाच्या पाठीचा घुमट, शंखाचा वळसा पाहून मन वजनाचा एक अंदाज बांधतं आणि हात तो अंदाज लगेच मोडून काढतो. पानडीच्या दर्शनी बाजूला सोन्याचा अतिशय पातळ पत्रा असतो, आत लाख भरलेली असते आणि मागून दुसऱ्या पत्र्याने ती बंद केलेली असते. सोनं थोडं आणि काम पुष्कळ, असा हा हिशेब आहे.

महाराष्ट्रातले कितीतरी जुने दागिने याच हिशेबावर उभे आहेत. बोरमाळेतलं बोर पोकळ, मोहनमाळेतले मणी पोकळ, पुतळीहारातली पुतळी म्हणजे नाण्याच्या आकाराची पातळ चकती. खेड्यातल्या शेतकरी घरात सोनं यायचं ते एखाद्या बऱ्या हंगामानंतर, आणि तेही मोजकं. त्या मोजक्या सोन्यात लेकीचा गळा भरलेला दिसायला हवा असेल, तर उणीव कशाने तरी भरून काढावी लागते. ती सोनाराने आपल्या वेळाने भरून काढली. हाताने घडवलेल्या दागिन्याच्या संथपणाचं हल्ली कौतुक होतं, आणि तो जणू कारागिराच्या निवांत स्वभावातून आला असावा असं बोललं जातं. मला ते पटत नाही. तो संथपणा म्हणजे सोनं वाचवण्याची युक्ती होती. जिथे सोनं विपुल असतं तिथे ओतीव, जाड, भरीव दागिना करायला फारसा वेळ लागत नाही. दोन-तीन तोळ्यांत सबंध साज उभा करायचा असेल, तर मात्र प्रत्येक गुंजेमागे हात झिजवावा लागतो.

परंपरेच्या हिशेबाने पूर्ण साजात २१ पानड्या. त्यांतल्या १० विष्णूच्या दशावतारांच्या, ८ अष्टमंगलाच्या, एक माणकाची, एक पाचूची आणि उरलेली एक डोरल्याची. दोन पानड्यांच्या मध्ये सातूच्या दाण्याच्या आकाराचे जवमणी. चंद्र, कमळ, बेलपान, नाग, भुंगा, वाघनख असे आकार या ओळीत शेजारी शेजारी बसतात. देवळाच्या भिंतीवर, रांगोळीत आणि शेताच्या बांधावर जे दिसतं ते सगळं एका गळ्यात आलेलं असतं. कोल्हापूर भागात साजाला मंगळसूत्राइतकाच मान आहे. आज विक्रीला असलेल्या अनेक साजांत पानड्यांची संख्या बरीच कमी असते, आणि अष्टमंगलातली नेमकी कोणती पानडी कुठे हे सांगणारेही कमी झाले आहेत. तरी ठशांमधून आकार टिकून आहेत, आणि ही छोटी गोष्ट नाही.

पानडी घडते कशी, हे आता पाहू.

शुद्ध सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं. ते इतकं मऊ असतं की एका ग्रॅमचा वर्ख साधारण एक चौरस मीटर पसरू शकतो. पण हाच मऊपणा दागिन्याच्या मुळावर येतो, कारण चोख सोन्याची कडी ओढ बसली की उघडते. म्हणून त्यात तांबं आणि चांदी मिसळतात. २२ कॅरेट म्हणजे २४ भागांत २२ भाग सोनं, शेकडा ९१.६, दागिन्यावरचा ९१६ हा आकडा तिथूनच आलेला आहे. उरलेल्या दोन भागांत तांबं जास्त असेल तर सोन्यावर लाली येते आणि कणखरपणा वाढतो, चांदी जास्त असेल तर रंग फिकट, हिरवट पिवळा होतो. जुन्या दागिन्याचा रंग पाहून तो कोणत्या भागात घडला असावा याचा अंदाज बांधणारे जाणकार असतात, ते या मिसळीच्या जोरावर.

मुशीत, म्हणजे सोनं वितळवायच्या भांड्यात, सोनं घालतात, त्यावर टाकणखाराची चिमूट टाकतात. टाकणखार वितळून मळ आपल्यात ओढून घेतो आणि सोन्याचा पृष्ठभाग स्वच्छ ठेवतो. रस साच्यात ओतून त्याची लहान कांब होते. ही कांब ऐरणीवर ठोकत, किंवा हल्ली रुळांच्या यंत्रातून काढत, पातळ करत न्यायची. इथे कारागिराला पहिल्यांदा थांबावं लागतं. ठोकलेलं सोनं घट्ट होत जातं. हातोडीच्या प्रत्येक घावाने धातूतल्या अतिसूक्ष्म स्फटिकांची रचना विस्कटते, ते एकमेकांत अडकतात आणि पुढचा घाव मान्य करत नाहीत. तसंच ठोकत राहिलं तर कडेला चीर पडते. मग पत्रा विस्तवावर तावायचा, लालसर होऊ द्यायचा, म्हणजे आतली रचना नव्याने जुळते आणि सोनं पुन्हा मऊ होतं. ठोका, तावा, ठोका, तावा. किती वेळा, हे पुस्तकात लिहिता येत नाही. घावाचा आवाज बदलला की कारागिराला कळतं. घट्ट झालेल्या पत्र्याचा आवाज वर चढतो.

तारेचंही असंच. जंत्री नावाची पोलादी पट्टी असते, तिच्यात मोठ्याकडून लहानाकडे जाणारी भोकं असतात. कांबीचं टोक निमुळतं करून ते एका भोकातून पलीकडे काढायचं आणि चिमट्याने धरून ओढायचं, मग त्याच्याहून लहान भोक, मग आणखी लहान, आणि मधूनमधून पुन्हा तावणं. घाई केली तर तार तुटते, आणि तुटलेल्या तारेला मुशीचाच रस्ता असतो.

पत्रा तयार झाला की ठसा. धातूच्या ठशात मासा किंवा शंख उलटा, खोलगट कोरलेला असतो. त्यावर पत्रा ठेवून, वरून शिशाचा तुकडा ठेवून ठोकण्याची जुनी रीत आहे. शिसं मऊ असल्यामुळे ते पत्र्याला न फाडता ठशाच्या कानाकोपऱ्यांत दाबतं. पण शिसं सोन्याचं वैरी आहे. त्याचा कण पत्र्याला चिकटून राहिला आणि पत्रा तसाच विस्तवात गेला, तर सोनं ठिसूळ होतं. म्हणून ठसा उमटल्यावर पत्र्याची मागची बाजू काळजीपूर्वक स्वच्छ करावी लागते. पाहणाऱ्याला हे काम दिसतही नाही, पण पानडी पन्नास वर्षं टिकणार की पाचव्या वर्षी तडकणार हे इथेच ठरतं.

ठशाने आकार येतो, नाक-डोळे येत नाहीत. ते काम बारीक छिन्न्यांचं. त्यासाठी पत्रा लाखेत बसवतात, म्हणजे घाव झेलायला खाली आधार मिळतो. माशाचे खवले, कमळाच्या पाकळीची शीर, नागाच्या फण्यावरचा ठिपका हे एकेका टोल्याने उमटत जातं. एकाच ठशातून निघालेल्या दोन पानड्या शेजारी ठेवून भिंगातून पाहिल्या, की खवल्यांच्या ओळी थोड्या वेगळ्या उतरलेल्या दिसतात. हाताचं काम ओळखायची ही एक खूण आहे.

मग झाळकाम. मागचा पत्रा, वरच्या कड्या, कडेची पिळाची तार हे सगळं जोडायचं असतं. झाळ म्हणजे जोडणारा धातू, आणि तो मूळ सोन्याच्या आधी वितळायला हवा. पूर्वी सोन्यातच चांदी-तांबं जास्त घालून झाळ करत. अडचण अशी, की दागिन्यात जोड जितके जास्त तितकं हलकं सोनं जास्त. पत्रा चोख असला तरी सगळा दागिना आटवल्यावर कस उतरलेला निघे, आणि बोल लागे तो सोनाराच्या नियतीला. त्यावर गेल्या शतकाच्या अखेरीस कॅडमियमची झाळ आली. ९२ भाग सोनं आणि ८ भाग कॅडमियम. यालाच बाजार ‘केडीएम’ म्हणू लागला आणि पाट्यांवर ते शुद्धतेचं बिरुद म्हणून झळकू लागलं. कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळतं, म्हणजे झाळताना त्याची वाफ होते, आणि ती वाफ विषारी आहे. फुप्फुसं आणि मूत्रपिंडं तिने खराब होतात. ती ओढली ती दागिना घडवणाऱ्यांनी. पुढे भारतीय मानक संस्थेने कॅडमियमच्या झाळेला मनाई केली, आज जस्त आणि इतर धातूंची झाळ वापरली जाते. पण ‘केडीएम’चा काळ मला विसरण्यासारखा वाटत नाही. गिऱ्हाइकाला कसातली थोडीशी घट नको होती, आणि तिची किंमत कारागिराच्या श्वासातून वसूल झाली.

श्वास हा शब्द इथे अक्षरशः घ्यायचा. झाळकाम कित्येक पिढ्या तोंडाने फुंकणी फुंकून होत आलं आहे. दिव्याच्या ज्योतीवर नळीने हवा सोडून ज्योतीचं टोक जोडावर नेमकं आणायचं असतं. श्वास घेण्यासाठी फुंक थांबवली तर जोड निवतो, म्हणून कारागीर गालांत हवा साठवून ती सोडत राहतो आणि त्याच वेळी नाकाने श्वास घेतो. हे जमायला वर्षं लागतात. गॅसच्या नळ्या आल्या तरी अगदी बारीक जोडांसाठी तोंडाची फुंकणी अजून कुठे कुठे हातात घेतली जाते, कारण तिच्याइतकी ताब्यातली ज्योत दुसरी नाही.

या अवजारांची एक जुनी मराठी यादी एका संताने लिहून ठेवली आहे. पंढरपूरचे नरहरी सोनार हे नामदेवांच्या काळातले. कट्टर शिवभक्त असल्यामुळे विठ्ठलाचं तोंड पाहायचं नाही म्हणून डोळ्यांना पट्टी बांधून त्यांनी विठ्ठलाच्या करगोट्याचं माप घेतलं, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. मला त्यांच्या ‘देवा तुझा मी सोनार’ या अभंगाचं महत्त्व वेगळ्या कारणासाठीही वाटतं. बागेसरी म्हणजे शेगडी, मूस, फुंकणी, हातोडा, कातर, ताजवा ही सोनाराची सारी मांडणी त्यात आहे. आज एखाद्या जुन्या वळणाच्या कारागिराच्या पाटासमोर बसलं तर यातली बहुतेक अवजारं हाताशी सापडतील. त्याच अभंगात सोन्याच्या चोरीचाही उल्लेख येतो आणि ती चोरीसुद्धा नरहरी नामाला जोडून देतात. म्हणजे सोनारावरचा संशय तेव्हाही जुनाच होता.

संशयाला कारण होतं. सोनं तासलं, घासलं, झाळलं की त्यातलं काही ना काही उडतं. पाटावर, राखेत, अंगरख्यात, जमिनीच्या भेगांत ते कण जाऊन बसतात. ही खरी घट आणि सोनाराने मागे ठेवलेलं सोनं यांत फरक कसा करायचा? गुंजेने तोलायचे दिवस होते. ८ गुंजांचा मासा, १२ मास्यांचा तोळा, म्हणजे ९६ गुंजा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, तेव्हा एक गुंज साधारण ०.१२ ग्रॅम. आता बाजारात तोळा १० ग्रॅमचा धरतात. लाल-काळ्या बीने तोललेल्या सोन्यात एका गुंजेचा फरक पडला तरी वाद होई. म्हणून सोनाराला घरी बोलवायचं, ओसरीवर शेगडी मांडून द्यायची आणि घरातल्या कुणीतरी समोर बसायचं, अशीही रीत होती. आणि जे कण खरोखर उडत, ते वेचणारेही होते. झारेकरी सोनाराच्या दुकानातली राख आणि दारातली माती विकत घेऊन ती पाण्यात धुवत, गाळत आणि तळाशी बसलेलं सोनं काढत. एखाद्याच्या पोटापुरतं सोनं दुसऱ्याच्या केरात निघावं, इतकं हे काम बारीक होतं.

अखेरीस पानडीत लाख भरली जाते. लाख हा एका किड्याने झाडाच्या फांदीवर सोडलेला स्राव. गरम केला की पाझरतो, निवला की टणक होतो. नुसता पोकळ पत्रा बोटाच्या दाबाने चेपला असता, लाखेमुळे तो रोजच्या वापराला उभा राहतो. त्यानंतर उजाळा. चिंचेच्या किंवा सौम्य आम्लाच्या पाण्यात दागिना घालून झाळेचा काळेपणा काढतात, रिठ्याच्या फेसाने घासतात. जुनी रंगणावळ याच्याही पुढची होती. मीठ, तुरटी आणि सोरा यांच्या मिश्रणात दागिना तापवला की पृष्ठभागावरचं तांबं निघून जातं आणि वर चोख सोन्याचा अगदी पातळ थर उरतो. आत २२ कॅरेट, वर मात्र जवळजवळ २४ कॅरेटचा रंग. जुन्या दागिन्यांची ती खोल, मऊ पिवळाई यंत्राच्या चकाकीपेक्षा वेगळी दिसते, ती या रंगणावळीमुळे. लाखेच्या दागिन्याला ही प्रक्रिया लाख भरण्याआधी द्यावी लागते, नाहीतर लाखच वाहून जाईल. क्रमाची ही समज म्हणजे निम्मी विद्या.

ही विद्या एकदा सरकारी हुकमाने जवळजवळ बंद पडली होती. चीनशी युद्ध झाल्यावर परकीय चलनाची चणचण होती आणि सोन्याची तस्करी जोरात होती. अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्या काळात, जानेवारी १९६३ मध्ये, सुवर्ण नियंत्रण नियम आले आणि १४ कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. अर्थकारणाच्या बाजूने त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. कारागिराच्या पाटावर काय झालं ते कमी सांगितलं जातं. १४ कॅरेट म्हणजे शेकडा ५८.३ सोनं. तो मुळात वेगळाच धातू आहे. तो लवकर घट्ट होतो, वारंवार तावावा लागतो, त्याला वेगळी झाळ लागते, आणि तावताना पृष्ठभाग काळवंडतो. २२ कॅरेटवर वाढलेल्या हाताचा अंदाज त्यावर चुकतो. त्यात लोकांनी १४ कॅरेट नाकारलं. हजारो सोनार बेकार झाले, काहींनी आत्महत्या केल्या, संसदेत त्यावर वाद झाले. १९६६ मध्ये १४ कॅरेटची मर्यादा उठली, पण १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० पर्यंत राहिला. या काळात अनेक घरांनी मुलांना पाटावर बसवलं नाही. कारखान्यात किंवा कचेरीत नोकरी मिळाली तर बरं, असं ठरलं. हाताची विद्या हातातूनच जाते, तिला दुसरा रस्ता नाही, त्यामुळे एक पिढी उठून गेली की फार काही निसटतं.

आज मुंबईच्या झवेरी बाजारातल्या माळ्यांवर बारीक काम करणारे बरेच हात बंगालचे आहेत. उलट दिशेने सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. तमिळनाडूपासून दिल्लीपर्यंत सराफ कट्ट्याच्या आसपास याच भागातल्या विट्याकडचा गलाईवाला, म्हणजे सोनं-चांदी गाळणारा, सापडतो. दुष्काळी माळरानावरून निघून या मराठी माणसांनी भारतभरच्या मोडीचं सोनं गाळलं, ही मोठी कामगिरी आहे. त्यांच्या मुशीत जे पडतं त्यात कुणाच्या आजीचा साजही असतो. मुशीत पानडी गेली की सोनं तेवढंच्या तेवढं परत मिळतं. खवले आणि पाकळ्या परत मिळत नाहीत.

मूळ दुखणं इथे आहे असं मला वाटतं. सोन्याचं आपण वजन करतो, कस पाहतो, आजचा भाव विचारतो. हॉलमार्कची सक्ती आल्यापासून, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरांकांच्या ओळख-क्रमांकाशिवाय विक्री बंद झाल्यापासून, शुद्धतेची खात्री पूर्वीपेक्षा खूपच चांगली झाली आहे. हे गिऱ्हाइकाच्या हिताचं आहे, त्याबद्दल दुमत नको. पण त्या चिन्हांत घडवणाऱ्या हाताची खूण कुठेच नाही. पावतीवर मजुरी हा वेगळा रकाना असतो, तिथे घासाघीस होते, आणि मोडीच्या वेळी तर मजुरीची किंमत शून्यच धरली जाते. चित्र विकत घेताना कुणी कापड आणि रंगाचं वजन करत नाही. दागिन्याच्या बाबतीत मात्र शेकडो टोल्यांचं काम आपण स्वखुशीने खर्चात टाकतो आणि सोनं तेवढं जमेत धरतो. मग कारागिरालाही जास्त वेळ लागणारं काम परवडत नाही, आणि दुकानदार जाड, ओतीव, चटकन होणाऱ्या दागिन्याकडे वळतो.

यंत्राबद्दल मला अढी नाही. मेणाच्या साच्यातून ओतलेले दागिने सुबक असतात, आणि विजेच्या साहाय्याने साच्यावर सोन्याचा थर चढवून पोकळ दागिने करण्याची पद्धतही आता रुळली आहे. थोड्या सोन्यात मोठा आकार तीही देते. अडचण पुढे येते, दागिना चेपला किंवा फाटला की. अशा एकसंध पातळ कवचाला उघडता येत नाही आणि झाळता येणंही अवघड असतं. हाताची पानडी तुकड्यातुकड्याने जोडलेली असते, म्हणून ती तुकड्यातुकड्याने सोडवताही येते.

तेव्हा घरात जुना साज, बोरमाळ किंवा मोहनमाळ असेल तर काही गोष्टी पाळायला हव्यात. लाखेचा दागिना गरम पाण्यात घालू नये, चुलीजवळ किंवा उन्हात तापू देऊ नये. घासायला रिठ्याचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरे. ओवणीची तार आणि दोरा अधूनमधून तपासावा, कारण जवमणी हरवतात ते मणी फुटून नव्हे, दोरा झिजून. ठुशी किंवा पोत दागिने गाठणाऱ्या पटवेकऱ्याकडून नव्याने गाठून घेता येते. नवा दागिना घेताना लाख वगळून निव्वळ सोनं किती, हे पावतीवर लिहून घ्यावं आणि पानडीची पाठ पाहावी. जोड सलग आणि स्वच्छ असला तर पुढच्या बाजूची चिंता नको.

आणि चेपलेली पानडी दिसली म्हणून साज लगेच मोडीत घालू नये. जाणता कारागीर ती गरम करून लाख काढतो, मागचा जोड उघडतो, आत गेलेला पत्रा आतल्या बाजूने हळूहळू उचलून घेतो, पुसट झालेले खवले छिन्नीने पुन्हा उठवतो, पाठ झाळतो, लाख भरतो आणि नव्या तारेत पानडी तिच्या जागी ओवून देतो. यात सोनं अगदी थोडं लागतं. बिल होतं ते जवळजवळ सगळं मजुरीचं, आणि ते त्याने सांगितलं तेवढं द्यावं.